वय अंदाजे ४५, रंग सावळा

मराठवाड्यातला कुठलाही पेपर उघडा, आतल्या पानाच्या कोपऱ्यात ही चौकट अधूनमधून दिसतेच. ‘एक अनोळखी पुरुष जातीचे प्रेत मिळून आले असून वय अंदाजे ४५ वर्षे, रंग सावळा, बांधा मध्यम, चेहरा उभट, नाक सरळ, अंगात पांढरा शर्ट व काळी पँट. ओळख पटल्यास पोलीस ठाण्याशी संपर्क साधावा.’ तालुक्याच्या बातम्या लिहायचो तेव्हा हे वाक्य मीही जसंच्या तसं कितीदा तरी टाकलंय. एकदा टाकता टाकता शेजारच्या खुर्चीकडं नजर गेली. वर्णन त्याला बसत होतं. चहा घेऊन आलेल्याला बसत होतं. मलाही बसत होतं, फक्त वय थोडं कमी करावं लागलं असतं.

अशा चौकटीच्या मथळ्यात आम्ही सर्रास ‘बेवारस मृतदेह’ लिहायचो. तो शब्द चुकीचा आहे, हे फार उशिरा कळलं. बेवारस म्हणजे ज्याला न्यायला कुणी आलं नाही तो. त्याचं नाव-गाव माहीत असू शकतं. रुग्णालयात दाखल केलं, पत्ता लिहिला, वारला, आणि नातेवाईक फिरकलेच नाहीत. अनोळखीचं प्रकरण उलटं असतं. त्याचे वारस बहुतेकदा असतात. कुणीतरी ठाण्यात ‘मिसिंग’ दाखल करून बसलेलं असतं, कुणी देवाला कौल लावत असतं. फक्त तो इथं आहे हे त्यांना माहीत नसतं, आणि ते तिथं आहेत हे इथल्यांना.

म्हणजे सगळा घोळ दोन कागदांचा आहे. एका ठाण्यात ‘आकस्मिक मृत्यू’ची नोंद, दुसऱ्या ठाण्यात ‘मनुष्य मिसिंग’ची. दोन्ही कागद एकाच माणसाचे, पण त्यांची गाठच पडत नाही. प्रयोगशाळा, डीएनए, बोटांचे ठसे हे सगळं त्या गाठीसाठीच. दुसरा कागद नसेल तर पहिल्या कागदावर कितीही विज्ञान ओता, उत्तर निघत नाही.

एक उदाहरण घेऊ. उदाहरणच आहे, पण बीड जिल्ह्यातल्या कुणालाही ते अनोळखी वाटणार नाही. धारूर तालुक्यातला एक ऊसतोड कामगार. दसऱ्याच्या सुमारास मुकादमाची उचल (आगाऊ पैसे) घेऊन नवरा-बायको, म्हणजे एक कोयता, सांगलीकडं गेलं. जानेवारीत काहीतरी बिनसलं, तो फडातून रागानं निघाला, कुठल्या तरी गाडीत बसला. बायकोला वाटलं गावाकडं गेला असेल. गावाकडच्यांना वाटलं फडातच आहे. उचल फिटेपर्यंत तिला कारखाना सोडता येत नाही. मार्च-एप्रिलात ती गावी आली तेव्हा उलगडलं की तो कुणाकडंच नाही. मग धारूरच्या ठाण्यात मिसिंग. तिकडं पूर्णा जंक्शनच्या पुढं रुळाशेजारी जानेवारीतच एक देह सापडला होता, त्याची नोंद लोहमार्ग पोलिसांकडं. जिल्हा वेगळा, पोलिसांचं खातं वेगळं, तारखांत तीन महिन्यांचं अंतर. धारूरचा अंमलदार एप्रिलच्या आसपासचे मृतदेह बघत बसला, तर जानेवारीतला हा माणूस त्याला दिसेल कसा?

पहिले काही तास

विहिरीत, कॅनॉलमध्ये, रुळावर किंवा बसस्थानकाच्या बाकावर देह दिसला की गावात पहिला फोन पोलीस पाटलाला जातो. ठाण्याला खबर देणं हे १९६७ च्या ग्राम पोलीस अधिनियमानं त्याच्यावर टाकलेलं काम आहे. ठाण्यात आकस्मिक मृत्यू नोंदवला जातो आणि जागेवर मरणोत्तर पंचनामा होतो. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७४ खाली व्हायचं. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १९४ लागू आहे. कलमाचा आकडा बदलला, काम तेच: दोन किंवा अधिक प्रतिष्ठित रहिवाशांसमोर देह बघायचा, जखमा आणि मृत्यूचं दिसणारं कारण लिहायचं, गरज वाटली तर डॉक्टरांकडं पाठवायचं. अनोळखी देहाचं शवविच्छेदन, म्हणजे लोकांच्या भाषेतला ‘पीएम’, होतोच. देह तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात जातो, गुंतागुंतीचा असेल तर मोठ्या सरकारी रुग्णालयात: अंबाजोगाईच्या स्वारातीत, नांदेडच्या विष्णुपुरीला किंवा संभाजीनगरच्या घाटीत.

या पंचनाम्यातच पुढचं बरंचसं ठरून जातं. ‘पांढरा शर्ट’ एवढंच लिहिलं तर तो कागद गेला. पण कॉलरच्या आत कापडी बिल्ला असतो, त्यावर टेलरचं नाव आणि बहुतेकदा गावही असतं. रेडिमेड आले तरी आपल्याकडं अजून लग्नाला, पोळ्याला कपडे शिवून घेणारी माणसं आहेत, आणि तो बिल्ला आधार कार्डाइतकाच बोलका असतो. खिशात एसटीचं तिकीट असलं तर यंत्रातून निघालेल्या त्या चिटोऱ्यावर आगार, तारीख, वेळ, कुठून कुठं हे सगळं छापलेलं असतं. मात्र ती छपाई उष्णतेची आहे, पुसट होत जाते. त्याच दिवशी फोटो काढला नाही तर महिन्याभरानं पाकिटात कोरा कागद उरतो. मोबाईल भिजून बंद पडला असला तरी आतलं सिम कार्ड सहसा शाबूत असतं.

आणि गोंदण. जुन्या बायकांच्या हातावर नवऱ्याचं, भावाचं नाव, कपाळावर ठिपका, पोटरीवर विंचू. पुरुषांच्या मनगटावर ‘आई’, बदाम, जय भीम, देवाचं नाव. गोंदणाची शाई कातडीच्या खालच्या थरात असते, म्हणून वरची कातडी सुटली तरी अक्षरं दिसतात, कधी कधी आधीपेक्षा ठळक. पण ‘उजव्या हातावर गोंदलेले आहे’ असं वाक्य मी किती वाचलंय! अरे, काय गोंदलेलं आहे ते लिहा ना. करदोडा काळा की लाल, ताईत दंडाला की गळ्यात, जोडवी किती, कान एक टोचलेला की दोन्ही. या गोष्टी घरच्यांना झोपेतून उठवून विचारल्या तरी सांगता येतात. ‘नाक सरळ’ कुणाच्या बायकोला आठवतं?

चेहरा का चालत नाही

‘फोटो टाका ग्रुपवर, ओळखतील की’ हा पहिला सल्ला असतो. अडचण अशी की मेल्यानंतर चेहरा फार लवकर बदलतो. न्यायवैद्यकात एक ढोबळ जुना नियम शिकवतात: देह उघड्यावर एका आठवड्यात जितका कुजतो, तितका व्हायला पाण्यात दोन आठवडे आणि जमिनीखाली आठ आठवडे लागतात. हा अंदाज थंड देशातला. आपल्या मे महिन्यात, पारा बेचाळीसच्या पुढं असताना, दोन दिवसांत चेहरा सुजतो, रंग काळवंडतो, ओठ-डोळे फुगतात. पन्नाशीचा माणूस तिशीचा वाटू शकतो आणि सडपातळ माणूस लठ्ठ. पंचनाम्यातलं ‘रंग सावळा, बांधा मजबूत’ हे म्हणूनच दोनदा निरुपयोगी.

धोका उलट बाजूनंही असतो. महिनोन्महिने शोधणारं घर थकलेलं असतं. ‘हाच असंल’ म्हणून ओळख पटवली जाते, अंत्यविधी होतो आणि खरा माणूस पंधरा दिवसांनी दारात उभा राहतो. असं घडलं की दोन घरांची फसगत होते, कारण ज्याला अग्नी दिला त्याचे खरे नातेवाईक आता कधीच त्याच्यापर्यंत पोचणार नाहीत. त्यासाठीच मोठ्या दुर्घटनांत जगभर वापरली जाणारी इंटरपोलची पद्धत चेहरा आणि कपडे यांना आधाराचा पुरावा मानते, निर्णायक नाही. निर्णायक फक्त तीन: बोटांचे ठसे, दात आणि डीएनए. गंमत म्हणजे त्या पद्धतीतही दोनच कागद आहेत. हरवलेल्या माणसाची जिवंतपणीची माहिती पिवळ्या फॉर्मवर, मृतदेहाची गुलाबी फॉर्मवर. पिवळा आणि गुलाबी जुळला की झालं.

ठसे आहेत, मग आधार का नाही?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलाय. ‘सगळ्या देशाचे ठसे सरकारकडं आहेत, मेलेल्याचं बोट लावा मशीनवर, येईल नाव.’

तसं होत नाही, त्याची दोन कारणं. पहिलं कायद्याचं. २०१६ च्या आधार कायद्याच्या कलम २९ नुसार ठसे आणि बुबुळांची मूळ माहिती कुणालाही, कुठल्याही कारणासाठी देता येत नाही. उच्च न्यायालय काही माहिती उघड करण्याचा आदेश देऊ शकतं, पण त्यातूनही ही मूळ माहिती वगळलेली आहे. दुसरं कारण यंत्राचं. रेशन दुकानात तुम्ही अंगठा लावता तेव्हा आधी तुमचा नंबर त्यात असतो. यंत्राला विचारलेलं असतं, ‘या नंबरचा माणूस हाच का?’ उत्तर हो किंवा नाही. इथं नंबरच माहीत नाही. ‘शंभर कोटींहून जास्त लोकांपैकी हा कोण?’ हा प्रश्नच वेगळा आहे, आणि पोलिसांना तो विचारण्याची सोय दिलेली नाही.

जिवंत माणसाच्या बाबतीत मात्र एक आडवाट सापडली आहे. नाव-गाव सांगता न येणाऱ्या मुलाचं आश्रमातून नवं आधार काढायला जावं, तर ‘यांचं आधीच आहे’ म्हणून अर्ज परत येतो आणि तिथून जुना पत्ता निघतो. नागपुरात अशी वर्षानुवर्षं हरवलेली मुलं घरी पोचली आहेत. मृताचं नवं आधार निघत नाही, त्यामुळं ती वाट इथं बंद.

पोलिसांकडं स्वतःचा ठशांचा साठा असतो, पण तो प्रामुख्यानं अटक झालेल्यांचा. ठशांचा जगातला पहिला विभाग १८९७ साली कलकत्त्यात सुरू झाला तो गुन्हेगारांसाठीच, आणि २०२२ मध्ये देशपातळीवर जोडलेली ‘नाफिस’ ही संगणक यंत्रणाही त्याच वळणाची. थोडक्यात, ज्यानं आयुष्यात कधी ठाण्याची पायरी चढली नाही त्याला ओळखणं सगळ्यात अवघड. सरळमार्गी असण्याची ही एक विचित्र शिक्षा.

तरीही ठसे घेतातच. पाण्यात राहिलेल्या देहाच्या बोटांची कातडी कपडे धुणाऱ्या बाईच्या हातासारखी पांढरी, सुरकुतलेली होते आणि पुढं हातमोज्यासारखी सुटून येते. निष्णात माणूस ती जपून काढतो, हातमोजा घातलेल्या स्वतःच्या बोटावर चढवतो आणि ठसा उमटवतो. वाचायला अंगावर येतं, पण एखाद्या घराला यातूनच उत्तर मिळतं.

हाडं, दात, रॉड

पडक्या विहिरीत कधी सांगाडाच मिळतो. तेव्हा डॉक्टर कमरेच्या हाडाकडं आधी बघतात. बाईचं रुंद आणि उथळ, पुरुषाचं अरुंद. मांडीचं हाड मोजून उंची काढतात, ढोबळमानानं त्याच्या लांबीच्या पावणेचार पट. वय तरुणात नेमकं सांगता येतं, कारण हाडांची टोकं ठरलेल्या वयात जुळत जातात आणि कॉलर बोनचं छातीकडचं टोक सगळ्यात शेवटी, पंचविशीच्या आसपास. अक्कलदाढही त्याच सुमाराची. चाळिशीनंतर मात्र अंदाज सैल होत जातो. चौकटीतला ‘अंदाजे’ हा शब्द तिथं खरोखर प्रामाणिक असतो.

दातांवरून ओळख पटवायला जिवंतपणीची दातांची नोंद लागते, आणि आपल्याकडं दाढ दुखली की उपटून मोकळे होतात, नोंद कसली. पण आपल्याकडं दुसरी एक गोष्ट घरोघरी असते: एक्स-रे. मोटारसायकलवरून पडला, पायात रॉड टाकला, आणि तो मोठा पिवळा लिफाफा ट्रंकेत किंवा भिंतीच्या खिळ्यावर वर्षानुवर्षं लटकतो. तो फेकू नका. शवविच्छेदनात रॉड किंवा प्लेट सापडली तर तिच्यावर कंपनीचा क्रमांक कोरलेला असू शकतो, आणि जुन्या फिल्ममधला जुळलेल्या हाडाचा बाक देहाच्या एक्स-रेशी ताडून बघता येतो. डोक्याचा एक्स-रे असेल तर कपाळाच्या हाडातल्या पोकळीची नक्षी माणसागणिक निराळी असते.

डीएनएबद्दल लोकांचा समज सिनेमातून आलेला आहे. दाढेतून किंवा मांडीच्या हाडातून नमुना घेतला की संगणकावर नाव येतं, असं नाही. येते ती आकड्यांची एक ओळ. ती कुणाशी तरी ताडावी लागते: आई, बाप किंवा लेकरं यांच्या रक्ताशी. भावा-बहिणीवरून इतकं खात्रीनं सांगता येत नाही. आईकडून येणाऱ्या मायटोकॉन्ड्रियातल्या डीएनएवरून मामा, मावशी चालतात, पण त्यातून ‘या आईच्या वंशातला’ एवढंच कळतं. हरवलेल्यांच्या नातेवाइकांचे आणि अनोळखी मृतांचे नमुने एका राष्ट्रीय पेढीत ठेवण्याची तरतूद २०१९ च्या डीएनए विधेयकात होती; २०२३ मध्ये ते विधेयक मागं घेतलं गेलं. त्यामुळं आजही आधी कुणीतरी ‘हे आमचं असंल’ म्हणून पुढं यावं लागतं, मग तपासणी. आणखी एक गैरसमज जाता जाता: ‘व्हिसेरा (पोटातल्या अवयवांचे नमुने) राखून ठेवला’ म्हणजे ओळखीसाठी ठेवला असं नाही, तो विषबाधा वगैरे तपासायला. ओळखीसाठी दात किंवा हाड वेगळं राखायला लागतं.

यादी बंद की उघडी

मेलेला कोण असू शकतो याची यादी कधी बंद असते, कधी उघडी. किल्लारीचा भूकंप आठवणाऱ्यांना हा फरक लगेच कळेल. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं, गणपती बुडवून लोक झोपलेले. सुमारे १० हजार माणसं गेली. ढिगाऱ्यातून काढलेल्या देहांना सामुदायिक अग्नी द्यावा लागला, तिथं नमुने वगैरे कोण घेणार. पण तिथली यादी बंद होती. कुठल्या घरात कोण झोपलं होतं हे शेजाऱ्याला, तलाठ्याला, मतदारयादीला माहीत होतं. अडचण होती ती ओळखणारं घरच्या घर संपलं तिथं. ८ मे २०२० ला बदनापूर-करमाड दरम्यान रुळावर झोपलेल्या १६ मजुरांना मालगाडीनं चिरडलं. सगळे मध्य प्रदेशातले, जालन्याहून पायी निघालेले. परराज्यातली माणसं असूनही त्यांची नावं कळली, कारण त्यांच्याबरोबरचे काही जण वाचले होते.

आपल्या पूर्णेच्या माणसाची यादी उघडी आहे. तो सचखंड एक्स्प्रेसनं आलेला पंजाबचा भाविक असू शकतो, परळीचा यात्रेकरू असू शकतो, धारूरचा कोयता असू शकतो. अशा देहासाठी पोलीस शोधपत्रिका काढतात, सगळ्या ठाण्यांच्या ग्रुपवर टाकतात, सीसीटीएनएस या संगणक जाळ्यात भरतात. वाट साधारण ७२ तास बघतात, कारण शीतपेट्या मोजक्याच असतात. मग नगरपालिका किंवा एखादी संस्था अंत्यविधी करते. दफन केलं तर पुढं उकरून तपासता येतं. जाळलं, तर राखून ठेवलेली दाढ आणि कपड्यांचं पुडकं एवढाच माणूस उरतो.

म्हणून माझा सगळा जोर दुसऱ्या कागदावर आहे. मिसिंग द्यायला २४ तास थांबावं लागतं, असा कुठलाही नियम नाही. कुणी सांगितलं तर ऐकू नका. हरवल्याचं कळलं त्या दिवशीची नव्हे, शेवटचा कुणी पाहिला ती तारीख ठासून लिहायला लावा. धारूरच्या बाईनं ‘जानेवारीत फडातून निघाला’ हे शब्द कागदावर आणले असते तर शोध योग्य महिन्यात झाला असता. लग्नातल्या गंभीर फोटोपेक्षा हसताना दात दिसतील असा फोटो द्या. टेलरचं नाव, गोंदणाची अक्षरं, रॉडचं वर्ष, मोबाईलचा खोका (त्यावर आयएमईआय क्रमांक असतो), सगळं द्या. ज्या गावाहून निघाला तिथलं ठाणं आणि लोहमार्ग पोलीस, दोघांकडं प्रत जाईल असं बघा.

हे नाही झालं तर घर अधांतरी राहतं. मृत्यूचा दाखला नाही म्हणून सातबाऱ्यावर वारसाचा फेर नाही, विमा नाही. शेतकऱ्याच्या अपघाती मृत्यूसाठी गोपीनाथ मुंडे योजनेत २ लाख रुपये मिळतात, पण मृत्यूच सिद्ध नाही तर अर्ज कशाचा? कायदा म्हणतो, ज्यांना खबर लागायला हवी होती त्यांना सात वर्षं काहीच खबर नसेल, तर तो जिवंत आहे हे तसं म्हणणाऱ्यानं सिद्ध करावं. पूर्वी हे पुरावा कायद्याचं कलम १०८ होतं, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाचं १११. तेही कोर्टातून आणावं लागतं. तोवर कुंकू लावायचं की नाही, हा प्रश्न त्या बाईला गावातली प्रत्येक बाई विचारते.

आणि जुळलंच, तर ठाण्यात फार काही घडत नाही. मुद्देमालाच्या खोलीतून पुडकं येतं, गाठ सोडतात. बाई शर्टाच्या रंगाकडं बघत नाही, रंग उरलेलाच नसतो. ती काखेखालची शिवण उलटून बघते, जिथं तिनं स्वतः वेगळ्या दोऱ्यानं टाके घातले होते. पुढं रक्त देणं, अहवालाची वाट, सह्या. मग अंमलदार जुना कागद काढतो, आणि ‘अनोळखी पुरुष जातीचे प्रेत’ लिहिलं होतं त्यापुढं नवा जबाब जोडतो: मयत नामे, पुढं नाव, बापाचं नाव, आडनाव, वय ४१ वर्षे, व्यवसाय ऊसतोड, रा., ता. धारूर, जि. बीड.